तेरणेकाठचे चार करंज

तेरच्या पुलाखाली आम्ही तराफा पाण्यात सोडला तेव्हा पुलावर दहा-पंधरा माणसं जमली होती. आम्ही कुठं पोचू असं त्यांतल्या एकालाही वाटत नव्हतं.

"पोहता येतंय का?" वरून एकानं विचारलं.

"येतंय."

"मग ह्यो खटाटोप कशाला?"

खटाटोप म्हणजे ट्रॅक्टरच्या चार ट्यूब, वर बांबू, दत्ता आणि मी. दत्ताचं पंक्चरचं दुकान, म्हणून तराफा त्याचा. झोळ्या माझ्या, नायलॉनच्या, दोन झाडांना बांधून माणसानं आत निजायचं अशा. तीन दिवस नदीनं जायचं आणि काठच्या झाडांना लटकून मुक्काम करायचा. हौस म्हणून नाही. खालच्या एका गावात कौसल्याबाईंच्या शेताच्या कडेला चार जुने करंज आहेत. वाळूच्या ट्रॅक्टरना नदीत उतरायला नेमका तिथूनच रस्ता हवाय. बाईंनी संमतीपत्रावर सही केली की करंज पडणार. उभ्या झाडाखाली पाहुणे मुक्कामाला येऊ शकतात हे त्यांना दाखवायचं आणि आमच्या विरोधपत्रावर त्यांची सही घ्यायची, असं आमच्या नदी वाचवा संघटनेत ठरलं होतं.

अर्ध्या तासात जलपर्णी लागली. दत्ता पुढून ओढतोय, मी मागून ढकलतोय, आणि पाण्याला वास असा की तोंड उघडायची सोय नाही. मग बंधारा आला. त्याची दारं नुकतीच बसवलेली, म्हणून तराफा डोक्यावर घेऊन बेशरमच्या झाडीतून चाललो. त्या दिवशी तराफ्यानं आम्हाला जेवढं नेलं त्याहून जास्त आम्ही तराफ्याला नेलं.

दिवस कलला तर काठाला झाडच नाही. 'काठ हिरवा ठेवा' हे मी किती पत्रकांत छापलंय, पण काठ किती बोडका आहे हे कळायला झोळी बांधायची वेळ यावी लागली. अखेर एक बाभूळ आणि एक पाण्याच्या मोटारीचा विजेचा खांब सापडला. एक काटा ट्यूबमध्ये गेला, दुसरा माझ्या पाठीत. दत्तानं आधी ट्यूबचं पंक्चर काढलं.

"पाठीचं पंक्चर आमच्याकडं निघत न्हाय," म्हणाला.

जवळच सोयाबीनची मळणी चालली होती. त्या लोकांनी भाकरी आणि दोडक्याचं कोरड्यास (पातळ कालवण) दिलं. "झोळीत तर लेकरं निजतात," म्हणून हसलेही भरपूर.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंज दिसले. गर्द सावली, खाली पाणी स्वच्छ, आणि एवढ्या वाटेत पहिल्यांदाच नदी नदीसारखी. झोळ्या बांधल्या तोवर कौसल्याबाई विळा घेऊन आल्या. सत्तरीच्या, ताठ. गाठ किती पक्की आहे ते दाखवायला मी मोकळ्या झोळीला जोरात झोका दिला.

"मोकळी झोळी हालवू नगस," त्या म्हणाल्या. "घरात सुनंला सातवा हाय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण अंधश्रद्धेवरचं पत्रक मीच लिहिलेलं, तोंडपाठ. ते सगळं म्हणून दाखवलं. बाईंनी उभ्यानं ऐकलं.

"झालं?" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दत्ता भडकला. "झाडं वाचवायला आलाव का बाईला शानं करायला? आता घे सही."

सकाळी बाई परत आल्या. पदराखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी माझ्या झोळीत ठेवलं. वरवंटा. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी ठेवतात तसा. झोळी मोकळी नको, म्हणून. मी काही बोलणार तेवढ्यात मोटारसायकल आली. वाळूच्या ठेक्याचा माणूस, हातात संमतीपत्र.

"काकू, तेवढी सही. दुपारपासून तोड सुरू करतो."

"झाडाला झोळी हाय. दिसत न्हाय व्हय?"

"वरवंटा हाय की तिच्यात," तो आत डोकावून म्हणाला.

"मग सोड. भरली झोळी तुझ्या हातानं सोड."

माझा हात पत्रकाच्या पिशवीकडं गेला. दत्तानं माझ्या पायावर पाय दिला. तो माणूस झोळीजवळ गेला, गाठीला बोट लावलं, आणि मागं सरला.

"झोळी सुटल्यावर येतो," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

मी धावत जाऊन विरोधपत्र पुढं केलं. "मावशी, आता इथं सही करा."

"त्येला दिली न्हाय, तुला का दीन?" त्या म्हणाल्या. "आन् ही झोळी न्यायची न्हाय."

तिसरा मुक्काम मी सोयाबीनच्या गुळीवर (मळणीनंतरचं भुसकट) काढला. दत्ता झोळीत घोरत होता. चौथ्या दिवशी हवा काढलेल्या ट्यूब टेम्पोत टाकून आम्ही धाराशिवला परतलो.

बैठकीत मला विचारलं, सही कुठंय? नाही. पुरावा? नाही. एका वरवंट्याच्या जोरावर चार झाडं उभी आहेत, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मला अजून राग येतो. बाईंचा नाही. माझ्या विरोधपत्राला जे जमलं नाही ते त्या दगडाला जमलं, याचा.

नायलॉन उन्हात विरतं. म्हणून करंजाला बांधायला दुसरी झोळी शिवायला टाकली आहे, या वेळी जाड कापडाची. पत्रकातला मजकूर बदललेला नाही, कारण तो खोटा नाही. त्या गावात मात्र मी तो वाटणार नाही.