एक्केचाळीस जणांचे कान

माझी नात कान तपासते. डॉक्टर नाही ती. कारखान्यातल्या आवाजानं माणसाचा कान कसा जातो, यावर विद्यापीठात संशोधन करते. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे घरात सगळे तिला खारू म्हणतात. आता सत्तावीस वर्षांची झाली, तरी नाव तेच.

मी एकवीस वर्षं ज्या कारखान्यात पत्र्याचे डबे केले, तिथल्याच एक्केचाळीस जणांचे कान तिनं वर्षभर तपासले. माझी जुनी ओळख होती म्हणून बायका तिच्यापुढे बसल्या, नाहीतर जेवणाची सुट्टी कोण कुणासाठी सोडतं!

आमच्याकडे पत्रा ठोकायची प्रेस उजव्या हाताला. म्हणजे उजवा कान आधी जाणार, हे कुणीही सांगेल. पण खारूच्या आकड्यांत निघालं की डावा आधी जातो. तिच्या गाईड मॅडम हे ऐकून खुर्चीतून उठल्याच म्हणे. नवीन गोष्ट सापडली! लगेच त्यावर लेख लिहून एका परिषदेला पाठवला, तिथं निवड झाली, परिषदेच्या पुस्तकात छापूनही आला. त्या परिषदेला एका मोठ्या प्रयोगशाळेचे सर येणार होते. त्यांच्याकडे पुढच्या कामासाठी एकच जागा होती, आणि पोरांची भाषणं ऐकून ते माणूस निवडणार होते. खारूला ती जागा हवी होती. किती हवी होती, ते तिच्या बोटांवरून कळायचं. एक नख शिल्लक नव्हतं.

परिषद शनिवारी. गुरुवारी दुपारी तिनं माझ्यासमोर भाषणाची तालीम केली आणि वर म्हणाली, "आजी, ये, तुझेही कान बघते. एवढ्या वर्षभरात तुझेच राहिले."

हेडफोनची लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. मी इमानेइतबारे बोटं वर केली. शेवटी तिनं कागद बघितला आणि खूश झाली.

"बघ, तुझाही डावाच गेलाय! पुस्तकात छापलंय तस्सं."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "फोन मी कुठल्या कानाला लावते? डाव्या. उजव्या बाजूनं तुझी आई ओरडली तरी मला पत्ता लागत नाही. तेवढीच शांतता."

ती हसली. मग हसता हसता थांबली. हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या कानांना लावला, यंत्रावर उजवी बाजू लावली आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि माझ्याकडे वळली.

"आजी, उजवीकडचा आवाज डावीकडे येतोय."

मधे कधीतरी हेडफोनच्या गाद्या फाटल्या होत्या. दुरुस्तीवाल्यानं त्या बदलताना सगळं उघडलं, आणि लाल टोपण निळ्याच्या जागी बसवून दिलं. तेव्हापासून हा हेडफोन लावलेल्या सगळ्यांचा उजवा कान डावा म्हणून लिहिला गेला.

"मग उलटं करून घे की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"करता येत नाही गं. दुरुस्तीनंतर काही दिवस मी दुसरा हेडफोन वापरला होता, तो नीट होता. कुणाला कुठला लावला, ते मी लिहून ठेवलं नाही." ती खाली बसली. "पहिल्या चौदा जणांचं पक्कं आहे, ते दुरुस्तीच्या आधीचे. बाकी सत्तावीस गेले."

तिनं मॅडमना फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला आणि हेडफोनची टोपणं उघडून बघत सगळं सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघ, पुस्तक छापलंय. शनिवारी जे छापलंय तेच बोल. बारा मिनिटं बोलायचं आणि खाली बसायचं. प्रबंधात आपण सगळं नीट करू."

"पण मॅडम, मला आता माहीत आहे."

"तुला माहीत आहे, त्यांना नाही. त्या जागेचा विचार कर. माझ्या नावाचाही कर, ते तुझ्या नावाशेजारीच छापलंय."

शुक्रवारी घरात कुणी नीट जेवलं नाही. सूनबाई म्हणजे खारूची आई एकदाच बोलली, "मॅडम जाणत्या आहेत. त्यांचं ऐक." खारूनं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. खरं लिहिते, मलाही वाटत होतं की पोरीनं छापलेलं बोलावं आणि जागा घेऊन यावं. वर्षभर त्या ठणठणाटात ती उभी राहिलेली मी पाहिली होती. पण तसं तोंडानं म्हणवेना.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. दारातल्या बाईंनी माझ्याही गळ्यात चिठ्ठी अडकवली आणि विचारलं, "आजी, तुमचा पेपर किती वाजता?"

"माझा तपासून झाला," मी म्हटलं. "नापास."

हॉल मोठा, खुर्च्या लाल, आणि गारवा असा की मी पदर कानांवरून घेतला. खारू दुसऱ्या रांगेत. मॅडम तिच्या मागे. पहिल्या रांगेत कडेला ते प्रयोगशाळेचे सर, गुडघ्यावर वही. व्यासपीठावर एक अध्यक्ष आणि त्यांच्यापुढे घंटी. दहा मिनिटं झाली की एकदा, बारा झाली की दोनदा, आणि मग माइक बंद. खारूच्या आधीचा मुलगा अशा झोकात बोलला की घंटी वाजायच्या आत त्याचे आभारही मानून झाले. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग खारू उठली. तिच्या लॅपटॉपवर दोन भाषणं होती, जुनं आणि नवं. वर मोठ्या पडद्यावर दोन्हींची नावं एकाखाली एक दिसत होती आणि बाण त्या दोन्हींच्या मधे वर-खाली होत होता. मॅडम पुढे वाकल्या. बाण जुन्यावर गेला. तिथं थांबला. अध्यक्ष म्हणाले, "सुरू करा, वेळ चाललाय."

बाण खाली, नव्यावर सरकला.

"पुस्तकात पान अठ्ठेचाळीसवर माझ्या नावानं जे छापलंय, ते चूक आहे," खारू म्हणाली. घोटभर पाणी प्याली. "चूक कशी झाली ते सांगते."

कुजबुज झाली, मग तीही थांबली. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मांडीवर ठेवून दिला. खारूनं गाद्या सांगितल्या, टोपणं सांगितली, न लिहिलेला दुसरा हेडफोन सांगितला. तोही सांगितला, हे विशेष. तेवढं गाळलं असतं तर सगळा दोष दुरुस्तीवाल्यावर गेला असता. पहिली घंटी झाली तेव्हा पडद्यावर फक्त चौदा जणांचे ठिपके उरले होते.

सरांनी हात वर केला. "टोपणं उलट लागलीत हे कळलं कसं?"

"आजीचा कान तपासला, सर. ती म्हणाली, माझा दुसराच गेलाय."

हॉल हसला. सर हसले नाहीत.

"म्हणजे आज तुमच्याकडे निष्कर्ष नाही."

"नाही, सर. चौदांवरून काही म्हणता येत नाही."

"धन्यवाद," ते म्हणाले आणि वहीचं पान उलटलं. त्यांनी काही लिहिलं नाही. दोनदा घंटी वाजली.

चहाच्या वेळी सगळे त्या झोकदार मुलाभोवती. खारू खांबाशी उभी, कप हातात तसाच. मॅडम आल्या. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मला निदान सकाळी सांगायचंस."

"सकाळी माझंच ठरलं नव्हतं, मॅडम."

मॅडम गेल्या. मग दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठातल्या एक बाई आल्या आणि हळूच विचारलं, "ते टोपण उघडून कसं बघायचं, दाखवाल?" दोघी भिंतीशी बसून अर्धा तास खारूनं सोबत आणलेला हेडफोन खोलत होत्या. चहा निवून गेला.

जागा त्या मुलाला मिळाली. पत्र बुधवारी आलं. सूनबाई रडली, खारू नाही रडली. ती झोपली, सलग चौदा तास.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी कारखान्यात गेलो. दारातच मुकादम आडवा आला. "परत कान? आमचे पहिले कान काय वाईट होते?"

"कान चांगले होते, काका. माझा हेडफोन उलटा होता. सत्तावीस जणांना पुन्हा बसावं लागेल."

"आणि बायका बसतील?"

"विचारते," ती म्हणाली, आणि प्रेसच्या धडधडीत एकेकीच्या कानाशी जाऊन विचारायला लागली. पहिल्या दोघींनी मान हलवून नाही म्हटलं. तिसरीनं हातातला डबा खाली ठेवला.