ग्रामसभेतली तालीम

गावातली शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे पाचवीपासून मी घरीच शिकले. आई बी.एस्सी., बी.एड.; नोकरी मिळाली नाही, म्हणून सगळी मास्तरकी माझ्यावर. "घरात शिकवणारी असताना पोरीला वसतिगृहात कशाला धाडायचं?" हे तिचं म्हणणं. जामसरच्या घरी ओटीवर बसवून तिने मला पदार्थविज्ञान शिकवलं, मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करवून घेतली. बाबा जव्हारला कारकून. ते पुस्तकं आणून द्यायचे आणि आमच्या भांडणात पडायचे नाहीत.

मला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नव्हतं. लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले. मग निवड मंडळाचं बोलावणं आलं. तिथे आम्हा मुलींना गोलात बसवून एक विषय दिला आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी माझी पाळी यायची वाट बघत बसले. आमच्या ओटीवरच्या वर्गात मी एकटीच. बोलायला जागा करून घ्यावी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. चर्चा संपली तरी मी मूग गिळून बसलेली. शेवटच्या दिवशी निवडलेल्यांत माझा नंबर नव्हता.

"तुला घरात ठेवलं, तिथंच माझं चुकलं," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मला भयंकर राग आला. तिचं चुकलेलं नाही हे दाखवायचं, तर पुन्हा जाऊन निवडून येणं एवढाच उपाय होता. मी पुन्हा अर्ज भरला.

पण चर्चेच्या सरावाला माणसं आणायची कुठून? माझ्या वयाची निम्मी पोरं कामासाठी ठाण्याकडे गेलेली. मग सुचलं, सगळे एकदम बोलतात अशी जागा गावात आहेच की. अठरा पूर्ण झाली होती, मतदार यादीत नाव होतं. मी ग्रामसभेत जाऊन बसले आणि तिथेही पाळीची वाट बघत राहिले. शेजारच्या काकूने कोपराने ढोसलं. "पाळी यायची नाय, पोरी. बोलाय लाग."

पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा वाद निघाला. "टाकी खाली बांधली तर वरच्या पाड्याला पाणी चढणार कसं?" मी विचारलं. कोणी ऐकलं नाही. उभी राहून पुन्हा विचारलं. "शाळंत गेली नाय न आमाला शिकवते," मागून एक जण बोलला. सगळे हसले. पूर्वीची मी असते तर तणतणत घरी गेले असते.

"हसून झालं असेल तर पुढचं सांगते," मी म्हणाले, आणि सांगितलं. टाकीचा निर्णय अर्थातच पुढच्या सभेवर ढकलला गेला. पण त्यानंतर मी एकही सभा सोडली नाही. मध्ये कसं शिरायचं, थोडक्यात कसं बोलायचं, दुसऱ्याला कधी वाट द्यायची, हे तिथे अंगवळणी पडलं.

लेखी परीक्षा पुन्हा पास झाले, मंडळाचं बोलावणं आलं. या वेळी गटचर्चेत मी बोललेच, शिवाय कोपऱ्यात गप्प बसलेल्या एका मुलीलाही विचारलं, "तुला काय वाटतं?" तिची अवस्था मला चांगलीच माहीत होती. शेवटच्या दिवशी माझा नंबर पुकारला गेला.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. वैद्यकीय तपासणी आणि अंतिम यादी बाकी आहे, पण मंडळाने निवडलं, असं सांगितलं. "बघ, तुझं काही चुकलं नव्हतं."

"नव्हतं ना?" ती म्हणाली. मग फोनमधून ओटीवरची पुस्तकं आवरल्याचा आवाज आला.

"आता सकाळी उठून मी शिकवू कुणाला?"