बाबांच्या खांद्यावर

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला सानगडीचा बाजार आठवतो. मी बाबांच्या खांद्यावर बसले आहे आणि ते हसत माझ्या हातात शिंगाडा देताहेत. बाबा वारले तेव्हा मी दोन वर्षांची होते. माझ्याकडे त्यांची एवढीच आठवण.

बी.ए.ला मानसशास्त्राच्या सरांनी शिकवलं, की तीन वर्षांच्या आतलं माणसाला सहसा आठवत नाही. एसटीने घरी येताना माझ्या डोक्यातून संशय जाईना. खांद्यावर बसलेल्या मुलीला बाबांचं हसणं समोरून कसं दिसेल? आणि माझा लाल फ्रॉक मलाच पूर्ण कसा दिसतो?

आई अंगणात धान उकडत होती. वाफेत तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"आई, बाबांनी मला खरंच बाजारात नेलं होतं?"

"काहून वं? कॉलेजात आता हेबी शिकवून राहिले का?"

"नेलं होतं का, ते सांग."

तिने चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं.

"तुझे बाबा वर्षभर खाटेवर होते, बाई. बाजारात काय नेतील? मीच सांगत होती तुले. बाबा कसे होते म्हणून तू रोज विचारे. मंग काय खाटेवरचे सांगू?"

मला फसवल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पुढे कितीतरी वर्षं तिची प्रत्येक गोष्ट तपासून घेत राहिले.

आता माझी मुलगी तिने न पाहिलेल्या आजीबद्दल विचारते. आईचे दवाखान्यातले शेवटचे महिने मी तिला सांगत नाही.