डाव्या हाताची दाढी

लोणीमामा हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, पण का ठेवलं ते गल्लीतला प्रत्येक गाल सांगेल. वस्तरा फिरून गेला तरी गालाला पत्ता नसायचा. फेस लावला की माणसं जी घोरायला लागत, ती टॉवेलाचा ओला फटका बसेपर्यंत.

"झाली मामा?"

"कधीच झाली. तू झोपेत साहेबाला शिव्या देत होतास, तेवढ्या ऐकत थांबलो होतो."

सव्वीस वर्षं तेच दुकान. दोन खुर्च्या, एक चालू, एक कायमची बिघडलेली, फुकट वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसाठी. लहान पोर आलं की चालू खुर्चीच्या हातांवर आडवी फळी पडायची, फळीवर पोर बसायचं, गळ्याभोवती चादर यायची आणि मग भोकाड. गल्लीतल्या दोन पिढ्यांनी त्या फळीवर रडून घेतलं होतं. ज्या दोन पोरांची पुढे जुंपली, ती दोघंही त्यातलीच. बसड्रायव्हरचा मुलगा तर फळीवर बसायच्या आधीच, दारातूनच रडत यायचा. दुसरा, शिवणकामवाल्या बाईचा, रडायचा नाही. आरशात बघून मामालाच वेडावून दाखवायचा.

मोठी झाल्यावर दोघं एकमेकांवर उठली. कशावरून, तर मोबाईलवर एकाने दुसऱ्याच्या फोटोखाली काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं तेसुद्धा नंतर पोलिसांना खणून काढावं लागलं, इतकं ते फालतू होतं. त्या वर्षी पोरांमध्ये खिशात सुरी ठेवायची टूमच निघाली होती. का रे बाबा, तर म्हणे दुसरे ठेवतात म्हणून. दुसऱ्यांना विचारलं तर तेही हेच सांगायचे.

भर दुपारी, दुकानासमोरच जुंपली. मामा एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावत होता. आरडाओरडा ऐकून ब्रश टाकून बाहेर आला, तर शिवणवालीच्या पोराच्या हातात फळं कापायची सुरी. दुसरा कुणी असता तर दोन पावलं मागे सरला असता. पण पात्याला भ्यायचं हे मामाच्या अंगातच नव्हतं. उमेदवारीत चार कारागीर एका दुकानात घासायचे तेव्हापासून उघडा वस्तरा या हातातून त्या हातात जाताना त्याने हजारदा बघितला होता. त्या धंद्यात एकच कायदा: घेणाऱ्याचा हात लागला की देणारा सोडतो. ओढायचं नाही, हिसकायचं नाही. मामाने तसाच तळहात पुढे केला, साबण लागलेला, आणि म्हणाला, "आण रे इकडे."

आणि हात पात्यावर ठेवला.

पोराला कुठला कायदा माहीत? त्याने सुरी मागे ओढली. मामाच्या तळव्यातून ती पार निघाली, आणि त्याच झटक्यात फिरून गेली ती ड्रायव्हरच्या मुलाच्या बरगडीखाली. रस्त्यात तिघंचौघं मोबाईल वर धरून उभी होती. मामा पडलेल्या पोराच्या अंगावर टॉवेल दाबून बसला. कुठलं रक्त कुणाचं ते कळत नव्हतं. गाडी येईस्तोवर पोर गेलं होतं.

नंतर गल्लीची रयाच गेली. संध्याकाळी सहाला शटर पडायला लागली. मिसरूड फुटलेल्या, बापाच्या खांद्याला लागणाऱ्या मुलांना आया शाळेच्या दारातून हाताला धरून आणायच्या, आणि मुलंही, नवल म्हणजे, हात सोडवून घेत नव्हती. कोपऱ्यावरची फळवाली सुरी पोत्याखाली ठेवायची; गिऱ्हाइकाने "कापून दे" म्हटलं की पाठ फिरवून कापायची, जणू चोरी करतेय. पोराला पोलिसांनी नेल्यावर शिवणकामवाली बाई कुणाला न सांगता निघून गेली. तिच्याकडे शिवायला टाकलेले कपडे कुणी मागायलाही गेलं नाही. एका सुरीने दोन आयांची पोरं नेली, पण दुसरीसाठी रडायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

मामाच्या उजव्या हाताच्या चार शिरा तुटल्या होत्या. दोन जुळल्या, दोन जुळल्या म्हणायच्या. हाताचे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीणबाई सरळ स्वभावाची होती. "कप धराल, कुलूप उघडाल, शर्टाचं बटण लावाल. पण वस्तरा विसरा," ती म्हणाली.

"बरं," मामा म्हणाला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "डाव्या हाताने करणार."

बायको कपड्यांच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर चादरी दाबून आल्यावर तिला लांबलचक बोलायला वेळ नसे. "मशीन घ्या आणि फिरवा. मशीनला काय डावं-उजवं?"

"मशीनने मेंढ्या भादरतात."

"मग तुमची गिऱ्हाइकं कोण आहेत असं वाटतं तुम्हाला?"

तरीही दुसऱ्या दिवशी फुग्यांचं पाकीट तिनेच आणलं. नवख्या कारागिराचा हात फुग्यावर बसवायचा, ही धंद्यातली जुनी रीत. फुगा फुगवायचा, त्याला फेस माखायचा आणि तो फेस वस्तऱ्याने असा काढायचा की फुग्याला कळू नये. पन्नाशीला आलेला लोणीमामा स्वयंपाकघरात स्टुलावर बसला आणि पहिल्या सकाळी त्याने अकरा फुगे फोडले. फेस ओट्यावर, फेस भिंतीवर, फेस दुधाच्या पातेल्यात.

आठवड्याभराने शेजारीण खिडकीतून डोकावली. "रोज कुणाचा वाढदिवस असतो हो तुमच्याकडे?"

"ह्यांचाच," बायको म्हणाली. "रोज नव्याने जन्मतात. रोज तेवढेच रडतात."

हात अडाणी होता हे खरंच. पण नुसता हात अडाणी असता तर मामाने त्याला महिन्याभरात शहाणं केलं असतं. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्याने फुगा पुसता पुसता एकदाच बायकोला सांगितली. "पातं चमकलं ना, की ती दुपार आठवते. वाटतं, कुणीतरी ओढणार."

बायकोने इस्त्रीने भाजलेल्या बोटांना मलम लावणं थांबवलं. "आणि?"

"मनगट धरायला हवं होतं गं. पोराचं मनगट. मी पातं धरलं. कुठल्याही शहाण्या माणसाने मनगट धरलं असतं."

तिने मलमाची डबी बंद केली. मग पाकिटातला एक लाल फुगा काढून, फुगवून, गाठ मारून तिने त्याच्या मांडीवर ठेवला. "हा फुटू दे. फुग्याला आई नसते. घ्या."

तिसऱ्या महिन्यात एक फुगा पूर्ण वाचला. चौथ्यात पाकीट आणायची गरज उरली नाही. मग मेहुणा पुढे आला. तो तसा शूर; फक्त खुर्चीत बसल्यावर दोन्ही हातांनी गळा धरून बसला.

"दाजी, केसाने गळा कापणारे पुष्कळ बघितले. तुम्ही वस्तरा घेऊन आलात, म्हणजे निदान प्रामाणिक माणूस."

"हात काढ."

"गालाचं काय करायचं ते करा. गळा मी ताईला विचारून देतो."

गाल झाले. दोनदा झाले, तीनदा झाले, छान झाले. गळा काही मेहुण्याने दिला नाही, आणि मामानेही मागितला नाही. कारण गळ्याशी वस्तरा नेला की डावा हात हवेतच थांबायचा, हे दोघांनाही दिसलं होतं.

पाचव्या महिन्यात मामाने दुकान उघडलं. आरसे पुसले, तुरटीचा नवा खडा आणला, खुर्चीला तेल घातलं. माणसं आली. वर्तमानपत्र वाचून गेली. ख्यालीखुशाली विचारून गेली. दाढीचं नाव काढलं की त्यांची नजर मामाच्या उजव्या हातावर जायची, मग नकळत बोटं स्वतःच्या गळ्याकडे जायची. "घरीच केली मामा, घाईत." "लग्नापर्यंत वाढवतोय." ज्याचं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती तोही हेच म्हणाला. मामाने कुणाला बोल लावला नाही. रोज आठला शटर वर करायचं, हे मात्र सोडलं नाही.

एका सकाळी, आठला दहा मिनिटं कमी असताना, शटर अर्धं वर असतानाच वाकून आत आला तो बसड्रायव्हर. मुलगा गेल्यापासून तो मामाशी एक शब्द बोलला नव्हता. समोरून आला तर रस्ता ओलांडायचा. पाच महिन्यांची दाढी छातीला टेकली होती. तो थेट चालू खुर्चीत बसला.

"उद्या कोर्टात साक्ष आहे," तो आरशात बघत म्हणाला. "असा जायला नको. पोराचा बाप वाटायला हवा मी."

मामाने चादरीला हात लावला नाही. "पलीकडच्या रस्त्यावर चांगलं दुकान आहे. तिथला न्हावी तरुण आहे, हात..."

"मला माहीत आहे ते दुकान. माझी बस त्याच्याच दारावरून जाते. तुम्ही करताय का नाही?"

मामाने चादर झटकली. कात्रीने आधी दाढी बारीक केली, कोमट पाण्याचा टॉवेल ठेवला, फेस केला. मग नवं ब्लेड मधोमध मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवलं. या सगळ्यात पाच मिनिटं गेली आणि मग करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

"आधी एक सांगतो," मामा म्हणाला. "मग वाटलं तर उठून जा. त्या दिवशी मी मनगट धरायला हवं होतं."

"हं."

"मी पातं धरलं. सवयीने. वाटलं, सोडेल."

ड्रायव्हर आरशातल्या त्याच्याकडे बघत राहिला. "पाच महिने मी हेच बोलतोय घरात. मोठ्याने. म्हाताऱ्या न्हाव्याला अक्कल नाही, मनगट धरता आलं नाही, म्हणून माझं पोर गेलं. बायको ऐकून ऐकून थकली."

"मग?"

"मग काय. परवा वकिलांनी त्या दिवशीचा व्हिडिओ दाखवला. मी नको म्हणत होतो, पण साक्षीआधी बघावा लागतो म्हणे. सगळी गल्ली आहे त्यात. हात पुढे केलेला एकच माणूस आहे." त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. "करा. मला डेपोत जायचंय."

मामाने डावा हात उचलला. उजवा काही कामाचा नाही म्हणून खिशात असायचा, तो आज आपणहून बाहेर आला. त्याची तीन बोटं वाकत नव्हती, पण सपाट टेकत होती. ती त्याने गालावर टेकवली आणि कातडी ताणली. एवढ्या महिन्यांत हे त्याला सुचलंच नव्हतं, कारण फुग्याची कातडी आपोआपच ताणलेली असते, आणि मेहुणा गाल स्वतःच फुगवून बसायचा. डावा गाल. उजवा गाल. वरचा ओठ. मग हनुवटी. फेस निघाला तशी हनुवटीच्या मधोमध एक खळी उघडी झाली, आणि मामाचा हात थबकला. ही खळी त्याने दारातून रडत येणाऱ्या एका तोंडावर शंभरदा बघितली होती.

"थांबलात का?"

"खळी."

"हं." ड्रायव्हरने डोळे उघडले नाहीत. "माझीच होती ती. आता परत माझीच."

मग गळा आला.

पातं चमकलं. कुणीतरी ओढणार, हा विचार आलाच, रोजच्या वेळेला येणाऱ्या पाहुण्यासारखा. मामाने त्याला येऊ दिलं. बोटं गळ्यावर टेकवली. बोटांखाली माणसाचं रक्त ठकठक चाललं होतं आणि तो माणूस अजिबात हलत नव्हता. कुणीही काही ओढत नव्हतं. मामाने वस्तरा टेकवला आणि खाली आणला. दुसरी पट्टी. तिसरी. चौथ्या पट्टीला जबड्याखाली एक बारीक वळण होतं, तिथे हात किंचित चुकला. फेसात लाल ठिपका उमटला.

दोघांनीही तो आरशात बघितला. मामाचा हात खाली आला. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"तुरटी आहे ना?" ड्रायव्हर म्हणाला.

"आहे."

"मग लावा की."

मामाने तुरटीचा खडा ओला करून टेकवला. ड्रायव्हरने तोंड वेडंवाकडं केलं, दातातल्या दातात एक शिवी दिली आणि पुन्हा मान मागे टाकली. उरलेला गळा मामाने शेवटपर्यंत केला, घाई न करता.

ड्रायव्हर उठून आरशाजवळ गेला. गालावरून हात फिरवला, आपल्याच हनुवटीकडे जरा वेळ बघितलं. "तुमची साक्ष कधी?"

"परवा."

"मनगटाचं विचारतील. त्या पोराचा वकील विचारणारच."

"सांगेन. जसं झालं तसं."

"आणि मी माझ्या साक्षीत व्हिडिओचं सांगेन." त्याने शर्टाची कॉलर नीट केली आणि खिशात हात घातला. "चला. पहिली फेरी चुकेल."

"बसा," मामा म्हणाला.

"आता काय?"

"उजव्या कानाखाली राहिलंय. दोन बोटं."

"राहू दे हो. कोण बघतंय?"

"मी बघतोय." मामाने उजव्या हाताच्या न वाकणाऱ्या बोटांनी त्याचा खांदा दाबून त्याला खुर्चीत बसवलं, आणि डाव्या हाताने पुन्हा फेस करायला घेतला.