बॉयलरच्या परीक्षेत आमचं भांडण

आमचे हे सव्वीस वर्षं कापडाच्या कारखान्यातला बॉयलर सांभाळतात. ह्यांचा हात चालतो, तोंड चालत नाही. तोंडाचं काम घरातले बाकीचे करतात. पण नवा नियम आला: कॉम्प्युटरवर परीक्षा देऊन प्रमाणपत्र आणा, नाहीतर बॉयलर सोडा आणि फाटकावर राखणीला बसा. त्या धास्तीनंच माणूस अर्धा झाला.

घोडं अडलं एकाच प्रश्नावर. बॉयलर पेटवायचा क्रम लावा. आधी पाणी बघायचं, मग पंख्यानं हवा मारायची, मग ठिणगी, शेवटी तेल. हाताला सगळं पाठ, पण पडद्यावर चार चौकोन दिसले की ह्यांची गाळण उडायची. शेवटी ह्यांनीच युक्ती काढली. आमच्या घरचं भांडण ह्याच क्रमानं पेटतं. आधी सासूबाई डोळ्यांतून पाणी काढतात. मग मामंजी हवेत बाता मारतात. मग ठिणगी पडते, म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं. आणि आगीत तेल ओतायला भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, हजर असतातच.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळ्यांना नको तेव्हा शहाणपण सुचलं. कोणी ब्र काढला नाही. भाऊजींनी चक्क चहा केला. हे कावरेबावरे झाले. म्हणाले, "आज कोणी भांडत का नाही? मला एकदा उजळणी करू द्या."

मला दया आली. म्हटलं, "भाऊजी, चहा अगदी पांचट झालाय."

"अगं, तू आधी कशी?" ह्यांनी कपाळाला हात लावला. "आधी आई. आई, रड ना जरा."

सासूबाईंना हसूच आवरेना. हे तसेच गेले.

पुढचं ह्यांनी घरी येऊन सांगितलं. परीक्षेच्या दारातच खिसे रिकामे करून घेतले, कच्च्या कामाला एक पाटी आणि पेन दिलं. ह्यांनी पाटीवर घर मांडलं. सकाळचं डोक्यात बसलेलं, म्हणून पहिली मी. खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा मीच पहिली. हे पुटपुटायला लागले तशा देखरेखीवरच्या बाई आल्या.

"काय झालं, काका?"

"आई रडत नाहीये हो."

बाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी ग्लास भरून आणला, समोर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "आधी पाणी घ्या."

ह्यांनी ग्लासाला हातही लावला नाही. चारही चौकोन झटक्यात लावले.

पास झाल्याचा कागद बघून सासूबाई रडल्या. मामंजी सुरू झाले, आपल्या घराण्यात सगळेच हुशार. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. जिभेवर आलंही होतं काहीतरी. पण ह्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजून वाळली होती, तिच्यावर मिठाचे डाग उमटले होते. मी ते गिळलं आणि सदरा भिजवायला मागून घेतला.

भाऊजी बराच वेळ वाट बघत बसले.