दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश

चौपन्न वर्षांच्या छोट्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता, गुडघेदुखी होती आणि आपल्याला सगळं कळतं हा भ्रम होता. पैकी भ्रम शाळेच्या अंधाऱ्या हॉलमध्ये उतरला.

त्याची मोठी ताई मुख्याध्यापिका म्हणून त्या दिवशी निवृत्त होत होती. सगळे शिक्षक पायऱ्यांवर तीन रांगांत उभे. "फोटो आमचा छोट्याच काढणार," म्हणत तिने सगळ्यांचे मोबाइल खिशात घालायला लावले होते. ही माणसं पुन्हा अशी एकत्र येणार नव्हती.

छोट्याने नवाकोरा कॅमेरा डोळ्याला लावला. "हसा!" क्लिक. फोटो काळाकुट्ट. पुन्हा क्लिक, पुन्हा अंधार.

"फ्लॅश पेटत नाहीये," बायको कुजबुजली.

"दिसतंय मला."

"घरी बघितला होतात ना?"

"बघितला की! टेस्टचं बटण दाबलं, लख्ख पेटला."

"कॅमेऱ्यावर लावून?"

"हातात धरून."

"धन्य आहात!"

त्याने फ्लॅश उपसून बघितला. हा जुना, त्यातून पडला दुसऱ्या कंपनीचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या मधल्या पिनेने इशारा दिला तरच पेटणारा. नव्या कॅमेऱ्याला ती पिनच नव्हती. 'जुना फ्लॅश आणून लावून बघा,' असं दुकानदार म्हणाला होता. त्यावर आपण 'तीस वर्षं हेच करतोय' असं तोऱ्यात ऐकवलं होतं, हे त्याला नेमकं आत्ता आठवलं.

"छोट्या, जमत नसेल तर सांग रे," पहिल्या रांगेतून ताई म्हणाली.

त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला. "मी बटण दाबून शटर उघडं धरतो," तो बायकोला म्हणाला. "तू फ्लॅश हातात घे आणि मी 'दाब' म्हटलं की ते टेस्टचं बटण दाब. तोवर कुणी हलायचं नाही."

ताई मागे वळून गरजली, "हलायचं नाही!"

सगळा स्टाफ थिजला. सगळ्यांत आधी छोट्या थिजला. त्याने कसंबसं 'दाब' म्हटलं, फ्लॅश लखलखला, पण याचं बोट काही शटरच्या बटणावरून उचलेना. शटर उघडंच राहिलं आणि फोटो पांढराफटक.

"गाढवा, हलू नको असं तुला नव्हतं सांगितलं!" ताई ओरडली.

हॉल खो खो हसला. ते हसू ओठांवर असतानाच दुसरा फोटो साधला.

ताईने चष्मा पुसून स्क्रीनवर स्वतःला नीट न्याहाळलं. "अगंबाई! मी चांगली दिसते की! मग इतकी वर्षं माझे फोटो कोण बिघडवत होतं?"

घरात फोटो काढणारा एकच होता. तो घाईघाईने स्टँड आवरू लागला.