मालकांच्या गणपतीचा कोपरा

मानपाड्याचं ते शेवटच्या मजल्यावरचं घर आम्हाला परवडलं, कारण मालकांची एक अट कुणालाच नको होती. मालक स्वतः माजिवड्याच्या टॉवरमध्ये राहायला गेलेले, पण त्यांचा दीड दिवसाचा गणपती मात्र अजून जुन्या घरातच बसायचा, हॉलच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात. गणपतीची जागा हलवायची नाही म्हणे. तेवढ्यापुरता आम्ही हॉल रिकामा करून द्यायचा. आई तर खूशच झाली. भाड्याच्या घरात आयता बाप्पा येतोय, अजून काय पाहिजे, म्हणाली.

बाप्पाचं ठीक होतं हो. त्याला आणणाऱ्याचं काय?

आईच्या खोलीचं छत गच्चीच्या पाण्याने पार गेलेलं. आधी नुसते पोपडे पडायचे, मग प्लास्टरच पडायला लागलं आणि आतल्या गंजक्या सळया दिसायला लागल्या. त्यात आईला दमा. त्या ओलीत झोपून तिची छाती भात्यासारखी चालायची. मी मालकांना व्हॉट्सॲपवर छताचे फोटो पाठवायचे, ते मला जोडलेले हात पाठवायचे. फोन केला की 'बघतो'. शेवटी एकदा थेट माजिवड्याला गेले, तर दारातच उभं ठेवून मला समजावलं, जुन्या बिल्डिंगला असं व्हायचंच, पलंग जरा सरकवून घ्या. अहो, कुठे सरकवून घ्या? खोली केवढी, पलंग केवढा!

आणि मग श्रावणात त्यांनी माणसं पाठवली. मी वेडी, त्यांच्यासाठी चहा टाकला. त्यांनी हॉलचा तो कोपरा खरवडला, नवीन प्लास्टर केलं, रंग मारला, गच्चीवर बरोब्बर तेवढ्याच भागाला वॉटरप्रूफिंग केलं आणि सामान आवरायला लागले. आतल्या खोलीचं काय, विचारलं, तर तिचं आम्हाला काही सांगितलेलं नाही, म्हणाले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईच्या उशीवर ताटाएवढा तुकडा पडला. ती तेव्हा बाथरूममध्ये होती म्हणून वाचली. मी तिचा पलंग फरफटत हॉलमध्ये आणला आणि गणपतीच्या कोपऱ्यात लावला. अख्ख्या घरात तेवढीच जागा कोरडी होती. पलंग आता तिथून हलणार नाही, असं मालकांना कळवलं. पुन्हा जोडलेले हात आले.

चतुर्थीला सकाळी मालक दारात हजर. डोक्यावर टोपी, हातातल्या पाटावर मूर्ती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, मागे मखर घेऊन बायको. आईने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला आईचाही राग येत होता, पण दारात आलेल्या गणपतीला अडवणार कोण? आत येऊन मालकांनी पलंग पाहिला आणि तोंड वर करून म्हणाले, हे काय, उचला लवकर, मुहूर्त टळतोय. आई लगेच गादी गुंडाळायला वाकली.

"आई इथेच झोपणार, काका," मी म्हणाले. "गणपती आतल्या खोलीत बसवा."

ते पाट घेऊन तरातरा आत निघाले आणि उंबऱ्यातच थांबले. मान वर करून त्यांनी छत पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"इथे कसा बसवू? त्याच्या डोक्यावर पडेल ना."

बायकोने मान खाली घातली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने अर्धी गुंडाळलेली गादी परत पसरली. चादरीच्या सुरकुत्या हाताने नीट केल्या आणि ती पलंगावर बसली.

"माजिवड्याला न्या," ती मालकांना म्हणाली. "माझी जागा आता हलायची नाही."

मालक मूर्ती घेऊन जिना उतरायला लागले. आईने बसल्याजागी गणपतीला हात जोडले.